गोधडीतला भात

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावणेसातला हातातील कांदा कुठवर चिरून झाला आहे, हे दिसेनासे होते. त्याच वेळी पाण्यावरून वारा सुटतो. दिवसभर उन्हात हुंदडलेल्या मुलांना एकाएकी थंडी वाजू लागते आणि तितक्याच एकाएकी भूकही लागते. मुलाबाळांसह तंबूत राहायला जाताना सोबत काय काय न्यावे, असे मला कुणी विचारले, तर यादी सांगण्याआधी मी हा अर्धा तास डोळ्यांसमोर आणायला सांगते. दुपारी काहीही निभावते. झाडाची सावली असते, घरून आणलेला डबा असतो, उजेड असतो. दिवेलागणीपासून सगळ्यांचा डोळा लागेपर्यंतचे जे तीन-चार तास असतात, त्यांतच नेलेल्या सामानाची परीक्षा होते. त्या तासांत जिच्यावाचून अडते, ती वस्तू आवश्यक, बाकीची हौसेची. हौसेला माझी ना नाही, पण हौसेचे सामान गाडीत शेवटी चढावे.

हे मला पहिल्याच खेपेला कळले. नाशिकहून घोटीमार्गे आम्ही पाच जण निघालो होतो : आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पाण्यालगतच्या एका शेतकऱ्याच्या रानात तंबू ठोकायची सोय झाली होती. तंबू नवा होता, झोपायच्या पिशव्या नव्या होत्या आणि घडी घातल्यावर मुठीत मावेल एवढी गॅसची शेगडीही नवी होती. शेगडी एका दुकानातून घेतली होती आणि गॅसचे डबे दुसऱ्या. संध्याकाळी तांदूळ धुऊन, डाळ भिजवून मी शेगडी काढली, तेव्हा लक्षात आले की डबा शेगडीला बसतच नाही. या डब्यांचे दोन प्रकार सर्रास मिळतात. एक बुटका आणि फुगीर, ज्याच्या तोंडाला आटे असतात. दुसरा लांबट आणि सडपातळ, ज्याच्या कडेला खाच असते आणि जो आडवा ठेवून अडकवायचा असतो. आमची शेगडी पहिल्या प्रकारची होती आणि चारही डबे दुसऱ्या. दोन्हींत भरलेला गॅस साधारण सारखाच असला, तरी एकाचे तोंड दुसऱ्याला लागत नाही. सात वाजले होते, जवळचे दुकान कित्येक किलोमीटरवर होते आणि मुलगा दोन बिस्किटे खाऊन आजीच्या मांडीवर झोपून गेला होता. उपाशी झोपलेले मूल पाहणे आईला किती जड जाते, ते लिहून सांगण्याची गरज नाही.

त्या रात्री आम्हांला जेवू घातले ते रानाच्या मालकिणीने. त्यांना आम्ही मावशी म्हणू लागलो, आजही म्हणतो. त्यांनी अंगणातली चूल पेटवली, आणि मी तोवर केवळ गावाकडची आठवण म्हणून ज्या चुलीकडे पाहत आले होते, तिच्याकडे प्रथमच एक साधन म्हणून पाहिले. आधी बोटाएवढ्या वाळक्या काटक्या, त्यांच्याखाली गोवरीचा चुरा, मग मनगटाएवढी दोन लाकडे, तोंडे आत आणि शेपट्या बाहेर. आच वाढवायची असेल तर लाकूड चार बोटे आत सारायचे, कमी करायची असेल तर तेवढेच मागे ओढायचे. फुंकणी त्यांनी दोनदाच हातात घेतली. भाताला चांगली उकळी आल्यावर त्यांनी पातेले मुख्य तोंडावरून उचलून शेजारच्या वैलावर ठेवले, झाकणावर दोन निखारे ठेवले आणि मोकळ्या झालेल्या आचेवर डाळ चढवली. लाकूड जळत होते एकाच तोंडाशी, पण स्वयंपाक दोन ठिकाणी चालला होता. वैल म्हणजे चुलीच्या धगीने तापणारे दुसरे तोंड, एवढा अर्थ मला ठाऊक होता. जिथे जाळ नाही तिथेही अन्न शिजत राहते, हे मात्र मी तिथे बसून पाहिले.

भात झाला, पण मुलगा उठेना. तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या पांघरायच्या गोधडीची चौघडी घातली, तिच्यात भाताचे पातेले झाकणासकट गुंडाळले आणि कोपऱ्यात ठेवून दिले. तासाभराने मुलगा रडत उठला. गोधडी सोडली, तर झाकण उघडताच वाफ आली. तूप-मीठ-भात आणि वरण त्याने पोटभर खाल्ले. मी त्या वाफेकडे पाहत राहिले होते. पुढच्या प्रत्येक खेपेला आमचा स्वयंपाक ज्या पद्धतीने होत आला आहे, ती त्या गोधडीतून निघाली.

मग चूलच का करू नये, असे कुणी विचारील. तीन दगड मांडले की चूल होते आणि चुलीवरच्या जेवणाची गोडी न्यारी, हे मलाही मान्य आहे. पण भंडारदऱ्याच्या आसपासचा मोठा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा जळती सोडून जाणे याला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. जानेवारीनंतर इथले गवत इतके वाळलेले असते की वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी पुरते. शिवाय आपण जे लाकूड गोळा करतो, ते तिथल्या बायका डोक्यावरून वाहून घरी नेणार असतात. त्यामुळे मालकाच्या अंगणात, मालकाने दाखवलेल्या चुलीवर आणि त्याच्या देखत जाळ करावा. एरवी आपला गॅस आपण न्यावा, असे मी ठरवून टाकले आहे. रायगडातली पोपटी किंवा सोलापूर-नगरकडचा हुरडा यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे विस्तव हाच त्या बेताचा जीव असतो. भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगांनी भरलेले मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा किंवा आगटीत गोवऱ्यांवर कणसे भाजायची, हे शेगडीवर होणारे काम नाही, आणि ते स्वतःच्या रानात, जाणत्या माणसांच्या हातून होत असते.

शेगडीबद्दल मी जरा विस्ताराने लिहिते, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते.

गाडी तंबूपर्यंत जाणार असेल आणि माणसे चारापेक्षा जास्त असतील, तर पाच किलोचा लहान सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावर बसणारी शेगडी यांसारखे दुसरे साधन नाही. वजन होते, पण आच घरच्यासारखी मिळते आणि दोन दिवसांत गॅस संपण्याची धास्ती राहत नाही. चालत जायचे असेल, तर मात्र छोटे डबेच बरे. अशा साधारण सव्वादोनशे ग्रॅमच्या डब्यावर पूर्ण आचेची शेगडी दीडएक तास चालते. पाच माणसांच्या दोन वेळच्या जेवणाला आणि चहाला, काटकसरीने वापरला तर, एक डबा पुरतो आणि दुसरा हाताशी असावा लागतो. डब्यात मुख्यतः ब्युटेन असतो. तो शून्याच्या जराशाच खाली उकळतो, म्हणजे द्रवाचा वायू होतो. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही, तरी पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि वायू होताना तो गॅस डब्याचीच उष्णता ओढून घेतो. म्हणून पहाटेच्या चहाला डबा हाताला बर्फासारखा लागतो आणि ज्योत बारीक होत जाते. गॅस संपला असे समजून लोक डबा फेकतात. तसे करू नये. डबा रात्री कपड्यांच्या गाठोड्यात ठेवावा, सकाळी दोन्ही तळव्यांत धरून जरा ऊब द्यावी. आचेशी मात्र त्याला कधीही नेऊ नये. डब्याच्या डोक्यावर बसणाऱ्या शेगडीभोवती वारा अडवायला पत्र्याचा पूर्ण वेढा घालतात, तेही धोक्याचे आहे, कारण आतल्या आत डबा तापतो. वाऱ्याच्या एका अंगाला गाडी, दगडांची रांग किंवा उभी केलेली परात एवढा आडोसा पुरे होतो. पण तो हवाच. उघड्या वाऱ्यावर निम्मी उष्णता भांड्याला न लागताच उडून जाते.

माझ्या आजोळी पितळी स्टोव्ह होता. दुपारी त्याला पिन मारायची, पंप मारायचा आणि मग तो घोंघावू लागायचा, तो आवाज अजून कानात आहे. स्वीडनच्या लिंडक्विस्टने 1892मध्ये बिनवातीचा जो प्रायमस आणला, त्याच घराण्यातला तो. 1911मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेनच्या तुकडीजवळ प्रायमस होता आणि आमच्या आजीच्या ओट्यावरही तोच होता. थंडीवाऱ्यात त्याच्याइतके भरवशाचे साधन क्वचितच असेल. द्रव रॉकेल आधी नळीत तापवून त्याची वाफ जाळायची, ही त्याची रीत असल्याने बाहेर कितीही गारठा असला तरी त्याची ज्योत मंदावत नाही. आता रॉकेल सहज मिळत नाही आणि स्टोव्ह दुरुस्त करणारेही उरले नाहीत, म्हणून तो मी नेत नाही. पण एकच ज्योत ठेवून घरभर माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या त्या पिढीला जे हात होते, तेच हात तंबूपुढे बसल्यावर लागतात.

एक गोष्ट मी मुलांनाही पाठ करायला लावली आहे : तंबूच्या आत कोणतीही ज्योत नाही, कोणताही निखारा नाही. पाऊस आला तरी नाही, थंडीने कुडकुडलो तरी नाही. तंबूचे कापड भरकन पेटते, हे एक कारण. दुसरे त्याहून घातक आहे. बंद जागेत जळणाऱ्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. विझत आलेली कोळशाची शेगडी उबेसाठी आत ओढून घेतल्याने माणसे गेली आहेत. स्वयंपाकासाठी तंबूपासून चार-पाच हात दूर, वाऱ्याच्या आडोशाला, सपाट आणि गवत नसलेली जागा उजेडी शोधून ठेवावी. आगगाडीने जाणाऱ्यांनी गॅसचे डबे सोबत घेऊ नयेत. प्रवाशांना ज्वालाग्राही वस्तू नेण्यास बंदी आहे आणि विमानात तर त्यांचा प्रश्नच येत नाही. ते उतरल्या गावी घ्यावेत, शेगडी मात्र घरूनच न्यावी. आणि शेगडी-डबा जोडून घरच्या ओट्यावर एकदा चहा करून पाहिल्याशिवाय कुणीही उंबरठा ओलांडू नये. मी आता दर खेपेला तो चहा करते.

आता गोधडीकडे येते. एका ज्योतीवर पाच जणांचा स्वयंपाक करायचा, तर एक पदार्थ शिजत असताना आधीचा गार होतो, ही खरी अडचण असते. चुलीला वैल होता. शेगडीला तो नाही. गोधडी हा आमचा वैल आहे. तांदूळ अर्धा तास भिजवते, पाणी दुपटीला किंचित कमी घेते, घट्ट झाकणाच्या जाड बुडाच्या पातेल्यात चांगली उकळी आणते, झाकण लावून आणखी पाच ते सात मिनिटे मंद आचेवर ठेवते आणि पाणी तांदळाच्या पातळीला आले की पातेले उचलून आधी स्वच्छ फडक्यात आणि मग गोधडीत बांधते. खालीही गोधडीचे दोन पदर हवेत, कारण उष्णता जमिनीत सर्वांत आधी जाते. चाळीस मिनिटांनी भात मोकळा, मऊ आणि चटका बसेल इतका गरम असतो. तेवढ्या वेळात मोकळ्या ज्योतीवर डाळीच्या शिट्ट्या होतात आणि भाजीही होते. गॅस जवळजवळ निम्मा वाचतो. मऊ मुगाची खिचडीही अशीच होते. तुरीची डाळ मात्र अशी होत नाही, तिला कुकरच हवा. भात गोधडीत रात्रभर ठेवून सकाळी खाणे हे मात्र करू नये. गरम अन्न कोमट झाले की त्यात जंतू भराभर वाढतात. कोमट होण्याआधी ते संपवावे.

कुकर न्यावा की नाही, यावर आमच्या घरी वाद झाला होता, आणि तीन लिटरचा कुकर न्यावाच, या मताची मी आहे. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळते आणि दर तीनशे मीटर चढल्यावर हा अंक सुमारे एका अंशाने उतरतो. कळसूबाईच्या 1646 मीटर उंच माथ्यावर पाणी पंचाण्णव अंशांच्या आतच उकळू लागते. भंडारदऱ्याच्या काठाला एवढा फरक पडत नाही, पण उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजवायला तसाही तासभर जातो. कुकरात दाबाखाली पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जाते आणि भिजवलेली डाळ दहा-बारा मिनिटांत गळून येते. नेण्याआधी रिंग आणि शिट्टी पाहावी, आणि सुटी रिंग एक जास्तीची घ्यावी.

बाकी भांड्यांसाठी बाजारात जायची गरज नाही. दुकानांत मिळणारे घडी होणारे संच दिसायला सुबक असतात, पण त्यांचा पत्रा पातळ असतो. छोट्या शेगडीची ज्योत सगळी मध्यावर एकवटते. पोलाद उष्णता कडेपर्यंत पसरवत नाही आणि मग मधोमध पिठले करपते, कडेला कच्चे राहते. घरातली जाड बुडाची, एकात एक बसणारी दोन पातेली, त्यांना चालणारे एकच सपाट झाकण आणि एक लोखंडी तवा एवढ्यावर दोन दिवस निघतात. झाकण सपाट असले म्हणजे ते ताट होते, पोळपाटही होते. परात मी कधी विसरत नाही. तीत भाकरीचे पीठ मळता येते, तांदूळ निवडता येतात, भांडी घासून ठेवता येतात आणि वारा अडवता येतो. सांडश्या दोन. पहिल्या वर्षी एक होती आणि ती अंधारात गवतात पडली. उकळते पातेले ओढणीने धरून उतरवताना मनगटावर वाफ आली आणि वेदनेने पातेले सुटता सुटता राहिले, तेव्हापासून दोन. विळी घरी ठेवावी. अंधारात, मुलांच्या पायांत ती नको. म्यान असलेली एक मध्यम सुरी, सोलाणे आणि लहान लाकडी पाट पुरे. एक डाव, एक पळी, एक उलथणे, चिमटा, चहाची गाळणी. मिसळणाचा डबा नेताना वाट्यांवर कागद घालून झाकण घट्ट लावते, नाही तर घोटीच्या वळणावर हळद जिऱ्यात जाते. काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन ठिकाणी ठेवते : स्वयंपाकाच्या पेटीत, कपड्यांत आणि गाडीत.

पहिल्या रात्री शिजवायला काही काढूच नये, हा सासूबाईंचा नियम आहे आणि तो सोन्यासारखा आहे. पोहोचायला उशीर होतो, तंबू ठोकताना हात शिणतात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, तिळाची चटणी, गूळ आणि लसणाचे तिखट अशी शिदोरी सोडली की शेगडीवर एखादे सार किंवा चहा एवढेच करायचे राहते. दुसऱ्या दिवसासाठी घरूनच मापून पुड्या बांधलेल्या असतात : खिचडीचे डाळ-तांदूळ आणि मसाला एकत्र, पिठल्याचे बेसन तिखटमिठासकट, शिऱ्यासाठी भाजलेला रवा. पिशवीवर पाण्याचे माप लिहिले की नवराही शिजवतो, मुलगीही शिजवते. दूध-दही नेताना बर्फाऐवजी पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या आदल्या रात्री गोठवून त्या शीतपेटीत ठेवाव्यात. बर्फाचे काम होते आणि वितळल्यावर पाणी पिता येते.

पाण्याचा हिशेब डोळे मिटून करू नये. समोर अख्खा जलाशय असला, तरी ते पाणी जसेच्या तसे पिण्याचे नाही. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरावे. आम्ही वीस लिटरचा तोटीचा कॅन घरून भरून नेतो आणि दुसऱ्या दिवसाचे पाणी मावशींच्या विहिरीवरून आणून, गाळून, खळखळ उकळल्यावर वर एक मिनिट तसेच उकळू देऊन वापरतो. तोटी महत्त्वाची, तांब्या बुडवून पाणी घेतले की पाच जणांचे हात त्या पाण्यात जातात. भांडी पाण्याच्या काठावर घासायची नाहीत. काठापासून शंभर पावले आत येऊन परातीत घासायची आणि खरकटे पाणी झाडाच्या बुंध्याशी पसरून टाकायचे. मावशींच्या चुलीतली राख मी डबाभर मागून घेते. राखेतला क्षार तुपातेलाचा चिकटा सोडवतो आणि नारळाच्या शेंडीने घासले की पातेले आरशासारखे निघते. प्रवरेवरच्या विल्सन धरणाचे हे पाणी खाली कितीतरी गावे पितात. फेसाचे पाणी त्यात सोडण्याचा हक्क आपल्याला नाही.

उजेडासाठी डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकी एक, हे मी खर्चिक वाटले तरी सांगते. दोन्ही हात मोकळे राहिल्याशिवाय उकळते भांडे उतरवता येत नाही. तंबूत टांगायला एक कंदिलासारखा दिवा पुरे.

तंबूबद्दल दोनच गोष्टी. चार जणांचा म्हणून विकला जातो त्यात तीन माणसे सामानासकट नीट झोपतात. पाच जणांनी दोन तंबू घ्यावेत. आणि सोबत मिळणाऱ्या बारीक मेखा सह्याद्रीच्या मुरमात वाकतात. लोखंडी जाड मेखा, एक हातोडी आणि जिथे कातळ लागेल तिथे दोर दगडाला बांधायची तयारी हवी. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटे आत दुमडावी, बाहेर राहिली तर दव आणि पाऊस गोळा करून आपल्याच पाठीखाली आणते. तंबूची वरची खिडकी थंडी असली तरी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर पाच जणांच्या श्वासाची वाफ आतून कापडावर धरते आणि पहाटे अंगावर ठिबकते.

थंडी वरून लागते, असे वाटते. प्रत्यक्षात ती खालून लागते. पहिल्या वर्षी आम्ही महागड्या झोपायच्या पिशव्या घेतल्या आणि खाली पातळ सतरंजी घातली. शरीराच्या भाराने पिशवीचा कापूस पाठीखाली दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि उष्णता सरळ जमिनीत उतरते. दुसऱ्या खेपेला खाली जाड फोमच्या चटया, त्यांवर सतरंजी आणि वर घरच्या गोधड्या असे केले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आज कंबर गार पडली नाही." जुन्या नऊवारी लुगड्यांचे पाच-सहा पदर एकमेकांवर टाके घालून शिवलेले असतात आणि त्या पदरांमध्ये हवा अडकून राहते, गोधडीची ऊब त्या हवेची आहे. भाताला जी ऊब देते, तीच ती लेकराला देते. म्हणून आम्ही माणशी एक आणि भातासाठी एक अशा सहा गोधड्या नेतो.

औषधांची पेटी, खड्डा काढायला खुरपे, बूट रात्री तंबूच्या आत उपडे ठेवणे आणि सकाळी झटकून घालणे, कारण विंचू बुटात बसतो, या गोष्टी जाणारा प्रत्येक जण जाणतो. 108 हा रुग्णवाहिकेचा अंक मुलांना पाठ असावा. आणि फोनला रेंज कुठे मिळते, ती जागा उजेडी शोधून ठेवावी.

परतल्यावर एक काम उरते आणि ते त्याच दिवशी करावे लागते. दवाने ओला झालेला तंबू तसाच घडी करून माळ्यावर टाकला, तर आठवड्यात त्याला बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कशानेही जात नाहीत. आम्ही संध्याकाळी पोहोचलो तरी गच्चीवर दोरी बांधून तंबू उलटा वाळत घालतो, मेखांची माती पुसतो, कुकरची रिंग धुऊन सुकवतो. गोधड्या कठड्यावर पडतात. पाच जणांच्या पाच गोधड्यांना धुराचा वास येतो, तो दोन उन्हांत जातो. सहावीला वाफेने आणि तुपाने आलेला भाताचा वास असतो, मधोमध हळदीचा वळा उठलेला असतो. सासूबाई तीच गोधडी आधी घरात नेतात आणि तिचा उसवलेला कोपरा, उजेड आहे तोवर, दुहेरी दोऱ्याने शिवून ठेवतात.